जावांचं इंग्रजी

आमच्या घरात चुली दोन होत्या आणि गिरणी एक. कशेळ्याच्या बाजारात, कर्जतकडून मुरबाडला जाणारी एसटी थांबायची त्याच्या जरा पुढे आमचं कौलारू घर. पुढच्या बाजूला बाबांची पिठाची गिरणी, मागे एका अंगाला आईची चूल, दुसऱ्या अंगाला काकूची. मधे कुडाची भिंत, आणि तीही छपरापर्यंत पोचलेली नव्हती. त्यामुळे आईनं सुकट भाजली की काकूला ठसका लागायचा आणि काकूनं वालाच्या बिरड्याला फोडणी दिली की आमच्या तोंडाला पाणी सुटायचं. काका शेती बघायचे, बाबा गिरणी. दोघा भावांचं छान जमायचं, कारण दोघंही फार बोलत नसत. बोलायचं सगळं काम त्यांच्या बायकांनी अंगावर घेतलं होतं. काकू मोठी, आई धाकटी. आई तिला अक्का म्हणायची, ती आईला शांते. भांडण झालं की बोलणं बंद व्हायचं, वाटी बंद व्हायची नाही. विरजण, मीठ, चार हिरव्या मिरच्या हे सगळं त्या भिंतीवरून चालूच असायचं, फक्त मुक्यानं.

गिरणीचा पट्टा सकाळी सुरू झाला की घरातला प्रत्येक माणूस ओरडूनच बोलायचा. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका नाचणी आणि तांदूळ घेऊन उतरायच्या, गिरणीपुढे पाय पसरून बसायच्या, आणि त्यांची बोली आम्हाला निम्मीशिम्मी कळायची. त्या गरम पिठाच्या वासात मी मोठी झाले. ओरडून बोलायची सवय अजून गेलेली नाही. मी अगदी हळू बोलतेय असं मला वाटतं, तेव्हा माझी सून उठून खिडकी लावून घेते.

गुप्तेबाई आमच्या माडीवर राहायला आल्या तेव्हा मी नववीत होते. दहिवलीच्या जुन्या घरातल्या, वडील वकील. हायस्कूलात इंग्रजी शिकवायला नेमणूक झाली, आणि पावसाळ्यात गाडीचा भरवसा नाही म्हणून त्यांनी आमची माडी घेतली. शनिवारी दुपारी दहिवलीला जायच्या आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत यायच्या. येताना डब्यात त्यांच्या आईनं केलेले कानवले असायचे, त्यातला एक माझा. संध्याकाळी मला माडीवर शिकवायच्या, पण गिरणी चालू असताना शिकवायचं म्हणजे त्यांनाही ओरडावं लागायचं, आणि त्यांच्यासारख्या टापटिपीच्या बाईला ते मुळीच शोभत नसे. पण आठवड्याभरात त्या आमच्याइतक्याच जोरात ओरडायला लागल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "लुक आणि सी यांत फरक काय गं?"

"काय नाय. दोन्ही बघणंच."

"बरं. तुझी आई आणि काकू यांत फरक काय?"

"पुष्कळ."

"का? दोघीही याच घरच्या सुना. दोघीही भाकऱ्या भाजतात, दोघीही तुला ओरडतात."

"पण आई ती आई, काकू ती काकू."

"मग हे शब्दही तसेच. एका घरात नांदणाऱ्या जावा आहेत या. लांबून बघणाऱ्याला सारख्याच दिसतात. घरातल्या माणसाला विचारलं की कळतं, कुणाचं काम कुणाला सांगायचं नाही ते."

त्या दिवसापासून असल्या जोड्यांना आम्ही जावाच म्हणायला लागलो. आणि बाईंचा एक नियम होता, तो फार कडक. जावांचा मराठी अर्थ सांगायचा नाही. अर्थ सांगितला की दोघींना एकच लुगडं नेसवल्यासारखं होतं, असं त्या म्हणायच्या. अर्थाऐवजी घरातलं काहीतरी आणून दाखवायचं, एक हिच्यासाठी, एक तिच्यासाठी. मग मी दिवसभर घरात तेच शोधत फिरायचे. आई काकूच्या चुलीकडे कधी मान वळवून लुक करायची नाही, पण तिथे काय शिजतंय ते तिला बरोबर सी व्हायचं. हे मी सांगितलं तेव्हा बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. बॉरो आणि लेंड तर आमच्या भिंतीवरच बसलेल्या होत्या. आपण मराठीत घेतो तेही उसनं आणि देतो तेही उसनं. इंग्रजीत भिंतीच्या या बाजूला एक शब्द आणि त्या बाजूला दुसरा. वाट बघण्याच्या तर तिघी निघाल्या. गिरणीपुढे बसलेली बाई पिठासाठी वेट करते. काकूचा भाऊ येतो म्हणून सांगून गेलाय, म्हणून काकू त्याला एक्स्पेक्ट करते. आणि काका आभाळाकडे बघतात ते होप.

एकदा आईनं बाईंना न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला एकटं नाय वाटत?" बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, आणि गावात त्यावर दबक्या आवाजात बोललं जायचं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंदा, आईला सांग, अलोन आणि लोनली या जावा आहेत म्हणून. मी अलोन आहे. लोनली झाले की मी तुमच्या चुलीपाशी येऊन बसते." आईला शब्द कळले नाहीत, पण त्या दिवसापासून ती पहिली भाकरी बाईंच्या ताटात वाढायला लागली. पुढे मी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्याकडे जे काही होतं ते त्या माडीवरचं होतं. आता नातू मोबाईलवर अर्थ बघतो आणि म्हणतो, "आजी, दोन्हींचा अर्थ सेमच दाखवतोय." माझा असा तिळपापड होतो की विचारू नका.

आता सुमीचं सांगते. सुमी म्हणजे काकूची मुलगी. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली, एकुलती एक, म्हणून काकूच्या डोळ्यांतली बाहुलीच. पाच-सहा वर्षांची असताना गिरणीच्या अंगणात खेळता खेळता ती धाडकन पडली, डोळे फिरवले, हातपाय ताठ झाले. मग ते वरचेवर व्हायला लागलं. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, भगत झाला, अंगारे झाले. काकूची दशा बघवत नव्हती. भाकरी थापता थापता तिचे हात थांबायचे आणि ती नुसती सुमीकडे बघत बसायची. तिनं गावदेवीला नवस बोलला, पोरगी बरी होऊ दे, कोंबडा देईन, ओटी भरीन. आणि आमच्या घरची एक रीत होती. नवस फेडला त्या दिवशी घरात असेल नसेल ते औषध नदीत सोडायचं. माणूस बरं झालं असं देवीला सांगायचं आणि घरी बाटली जपून ठेवायची, म्हणजे देवीवर भरवसा नाही असा त्याचा अर्थ व्हायचा. माझ्या आजोबांच्या वेळेपासून हे चालत आलं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

गावात कुणीतरी सांगितलं, कर्जतच्या धर्मादाय दवाखान्यात महिन्यातून एकदा फिटचे मोठे डॉक्टर येतात. ते लांबचे, दक्षिणेकडचे. मराठी अजिबात नाही, हिंदी तोडकंमोडकं. एरवी तिथला कंपाउंडर समजावून सांगायचा, पण तो लग्नाला गावी गेला होता. बाबा म्हणाले, "मंदीला घेऊन जा, तिला इंग्रजी येतं." मी तेव्हा दहावीत. नवा परकर-पोलका घालून, सुमीला मांडीवर घेऊन, मी काकूबरोबर एसटीत बसले तेव्हा मला केवढा अभिमान वाटत होता.

डॉक्टर भला माणूस. इंग्रजी बोलायला एवढीशी पोरगी आलीय म्हटल्यावर ते एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले. सगळं विचारून, तपासून झालं, गोळ्या लिहून दिल्या. मग काकू मला म्हणाली, "मंदे, बरी होईल ना, येवढंच विचार त्यांना."

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "वुई कॅन ट्रीट इट. वुई कॅनॉट क्युअर इट." मग आणखी सावकाश सांगितलं, की गोळीनं फिट थांबतील, मूल खेळेल, शाळेत जाईल. पण आजार आत राहील. फिट थांबल्या म्हणून गोळी एकदम बंद केली तर त्या परत येतील, पहिल्यापेक्षा जोरात, आणि अशा वेळी मुलं दगावतात.

ट्रीट आणि क्युअर. या जावा मला ठाऊक होत्या, बाईंनी धड्यात दाखवल्या होत्या. फक्त त्यांच्यासाठी घरातलं काही तेव्हा मला सापडलं नव्हतं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होती. मी 'होईल' एवढा एक शब्द बोलले असते तर तिनं मला तिथेच छातीशी धरलं असतं. पण डॉक्टरांनी एवढं बजावून सांगितलेलं मला गिळता येईना. मी म्हटलं, "काकू, गोळीनं फिट येणार नाय. पण आजार जाणार नाय. गोळी चालूच ठेवायची, लय वर्षं, नायतर जिवावर बेतेल."

काकू कशेळं येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. घरात पाऊल टाकल्याबरोबर मात्र भिंतीपलीकडून सुरू झाली, "हिला कसलं इंग्रजी येतं? डॉक्टर असं कशाला बोलंल? बरं करायलाच बसलाय ना तो? भरल्या घरात पोरगी अभद्र बोलते." गोळ्या तिनं सुमीला वेळच्या वेळी दिल्या, त्यात कसूर नाही. पण माझ्याशी बोलणं टाकलं. मी निम्मी तिच्याच चुलीवर वाढलेली. पहिल्या पावसात रानात उगवणाऱ्या शेवळाची तिच्या हातची भाजी मला आईच्या भाजीपेक्षा आवडायची, आणि ती आईच्या देखत तसं म्हणायला लावायची. त्या वर्षी शेवळं आली आणि गेली, भिंतीवरून वाटी आईच्या नावानं आली, माझं नाव तिनं घेतलं नाही. मला फार लागलं ते. माडीवर जाऊन मी रडले.

गोळ्यांनी गुण आला. श्रावण गेला, गणपती गेले, सुमीला एकदाही फिट आली नाही. ती आंब्यावर चढायला लागली, अंगानं भरली. काकूचा चेहरा उजळला आणि ती बाजारात सांगत सुटली, "झाली ना माझी पोर बरी." भात झोडून झालं की नवस फेडायचा असं ठरलं. नवस फेडला की गोळ्या नदीत जाणार. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तुझ्या काकूला मी सांगू? त्यापेक्षा पट्ट्यात हात घालीन." काका म्हणाले, पोरीच्या आईचा नवस, त्यात मी काय बोलू. आई तर हबकलीच. "मी तोंड उघडलं तर अक्का म्हणंल, शांतीला माझ्या पोरीचं बरं झालेलं बघवत नाय. जन्माचं वितुष्ट येईल, मंदे."

शेवटी मी बाईंना गळ घातली, तुम्ही काकूशी बोला. बाईंनी पुस्तक मिटलं. "मी बोलले तर त्या मला पाट देतील, चहा देतील, हो बाई म्हणतील आणि गोळ्या नदीत सोडतील."

"मी काय चुकीचं सांगितलं होतं का?"

"अजिबात नाही. एक अक्षर चुकलं नाहीस. पण मी तुला शिकवते ते कसं? नुसता अर्थ सांगून? काकूंना तू नुसता अर्थ सांगितलास. त्यांच्या घरातलं काही दाखवलंस का?"

"काय दाखवू?"

"ते मला कसं माहीत असणार? घर तुझं आहे."

मला बाईंचा रागच आला. जीव टांगणीला लागलाय आणि या इथेही धडा घेतायत. पण डोकं मात्र चालू लागलं.

भात झोडून झालं त्या संध्याकाळी काका ओटीवर बसून बाबांना म्हणाले, "दोन कोंबडे बघायला पायजेत. एक नवसाचा, एक राखणीचा." राखण म्हणजे शेताच्या बांधावरच्या राखणदाराचा मान. आमच्या शेताच्या टोकाला जांभळाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता. दरवर्षी भात घरात आलं की काका तिथे कोंबडा द्यायचे. राखणदार रानडुकरांपासून पीक सांभाळतो, म्हणून त्याचं ते वर्षाचं देणं. मी तांदूळ निवडत होते. माझा हात थांबला. दोन कोंबडे. दिसायला सारखे, एकाच घरातून जाणारे, रस्साही एकसारखाच होणार. पण नवस एकदा फेडला की मोकळं. आणि राखण कधी संपत नाही. डुकरं आली नाहीत म्हणून पुढच्या वर्षी राखणदाराला कुणी घरी पाठवत नाही.

मी सूप तसंच टाकून आईकडे धावले. काकू माझ्याशी बोलत नव्हती, तेव्हा सांगायचं तर आईनंच. आईनं सगळं ऐकून घेतलं, चुलीतली लाकडं मागे ओढली. मग पदर खोचून उठली आणि भिंतीला वळसा घालून सरळ काकूच्या चुलीपाशी जाऊन बसली. अशी ती कधी जायची नाही. मी भिंतीच्या अलीकडे कान देऊन उभी.

"अक्का, आपण राखण दरसाल का देतो गं?"

"आता हे काय नवीन? नाय दिली तर डुकरं येतील ना."

"औंदा कुठं आली?"

"राखण दिलेली, म्हणून नाय आली. खुळी का काय तू, शांते."

"तेच म्हणते मी. सुमीच्या गोळीचं पण तसंच हाय. गोळी राखणीला बसलीय, म्हणून फिट येत नाय. आपण राखणदाराला नदीत सोडायला निघालोय."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग काकू म्हणाली, "हे तुला त्या मंदीनं पढवलं."

"हां, तिनंच. तिचा जीव हाय सुमीवर. आणि माझा नाय का? तू मला काय म्हणायचं ते म्हण, अक्का. पण पोरीला काय झालं तर मी त्या भिंतीपलीकडं कशी राहू?" काकूनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. आई डोळे पुसत परत आली आणि आम्ही दोघी भाकऱ्यांना लागलो.

नवसाच्या दिवशी सगळं घर गावदेवीला गेलं. बाईही आल्या, त्या सावलीत जरा बाजूला उभ्या राहिल्या. काकूनं ओटी भरली, सुमीला देवीपुढे वाकवलं. गोळ्यांची पुडी काकूच्या पदराला बांधलेली होती, मला गाठ दिसत होती. गुरवानं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, नवस पोचला म्हणून मान्य करून घे, तसं काकूनं त्याला मधेच थांबवलं. "नवस नको म्हणू. राखण म्हण. देवीआई, माझ्या पोरीला राख. दरसाल येईन." गुरव बावरला, काकांकडे बघू लागला. काका म्हणाले, "ती म्हणते तसं म्हण." परत येताना वाट नदीवरूनच होती. काकूनं पायसुद्धा धुतले नाहीत, सुमीचा हात धरून तरातरा पुढे निघून गेली, पदराची गाठ तशीच.

सुमी आज नेरळला राहते, लेकाच्या फ्लॅटमध्ये. तीन नातवंडं आहेत. नवे डॉक्टर, नव्या गोळ्या, पण गोळी आहेच, आणि गावदेवीची राखणही आहेच. काकू गेली, आई गेली, आता राखण मी आणि सुमी मिळून देतो. बाई निवृत्त होऊन दहिवलीलाच राहिल्या, शेवटपर्यंत मी त्यांना भेटत होते. या तिघींनी मला जे दिलं त्याबद्दल मी रोज मनातल्या मनात त्यांना हात जोडते. बाईंनी शब्द दिले, पण ते घेऊन भिंतीला वळसा घालून जायची हिंमत आईची होती, आणि देवीपुढे, सगळ्या गावापुढे आपलं बोलणं बदलायचं मोठेपण काकूचं.

नवसाच्या त्या दुपारी पंगत काकूच्या बाजूला होती. मी आईच्या चुलीपाशीच घुटमळत होते, कारण मला कुणी बोलावलं नव्हतं. तेवढ्यात काकू स्वतः भिंतीच्या कडेशी येऊन उभी राहिली. मला म्हणाली, "इकडं ये." पाट मांडला, ताट वाढलं आणि समोर बसली. पदराची गाठ सोडून तिनं पुडी मांडीवर ठेवली.

"आता सांग," ती म्हणाली, "त्या दिवशी डॉक्टर काय काय बोलला, ते पयल्यापासून सांग. काय गाळू नको."

मी सांगितलं. आजार आत राहील ते सांगितलं, लय वर्षं ते सांगितलं, पोरं दगावतात तेही सांगितलं. काकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं मला एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर तिनं नाक पुसलं, अंगणात आंब्यावर चढलेल्या सुमीला हाक मारली आणि पुडी उघडत, जणू पहिलीच गोळी देतेय तसं, मला विचारलं, "ही जेवायच्या आधी द्यायची का नंतर?"

"नंतर," मी म्हटलं.